लाईट-पाणी धरून

कोल्हापुरात शाहूपुरीतला हा फ्लॅट आम्ही घेतला तो एजंटाच्या एका वाक्यावर. जिना चढता चढता तो म्हणाला, "लाईट-पाणी धरून भाडं हाय बघा. महिन्याला एक आकडा द्यायचा आणि निवांत ऱ्हायचं." आधीच्या घरात मीटरच्या युनिटांवरून दर महिन्याला मालकाशी तोंड वाजायचं. त्यामुळे बायकोनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि मी तिथंच टोकन देऊन टाकलं. आता चौथं वर्ष चालू आहे. एवढ्या काळात त्या एजंटाच्या अर्थानं निवांत असा मी एकच दिवस होतो. त्या दिवसाबद्दलच लिहायला बसलोय.

तळात मालकांचं गुळाचं गोडाऊन, पहिल्या मजल्यावर मालक आणि मालकीणबाई, दुसऱ्यावर आम्ही दोघं, वर गच्ची आणि पाण्याची टाकी. मालक साठीचे, कायम पांढऱ्या शर्टात, हळू बोलणारे. मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची म्हणून आम्हीही अक्का म्हणायचो. महापालिकेचं पाणी सकाळी यायचं, खालच्या हौदात साठायचं आणि तिथून मोटरनं वर टाकीत चढायचं. मोटरचं बटण अक्कांच्या स्वयंपाकघरात होतं. टाकी सगळ्यांची एक आणि मीटरही एकच. आम्ही किती वापरतो ते कळायला मालकांकडं दुसरं काही साधन नव्हतं, म्हणून त्यांनी कान वापरले.

आमच्या मोरीचा पाइप त्यांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवरून खाली जायचा. आम्ही ओतलेला प्रत्येक तांब्या त्यांना ऐकू जायचा. मोटर दिवसातून एकदा लावायची असा त्यांचा नेम. ज्या दिवशी ती दुसऱ्यांदा लावावी लागे, त्या दिवशी मालक हमखास जिन्यात भेटत. भांडत नसत. "काल पावणं आलतं काय?" एवढंच विचारत. नाही म्हटलं की, "मग असू दे," म्हणत आणि खाली उतरून जात. त्या 'असू दे'नं आमचं दोन दिवस जेवणात लक्ष लागायचं नाही.

मग आम्ही शिकलो. नळ दोऱ्याएवढा बारीक सोडायचा. बादलीत खाली जुनं फडकं टाकायचं, म्हणजे धार वाजत नाही. भांडी घमेल्यात घासायची आणि त्याच पाण्यानं बाथरूम धुवायचं. बायको तर इतकी तयार झाली की दीड बादलीत दोघांचे कपडे धुवून काढायची. सुरुवातीला आम्हाला या सगळ्याची लाज वाटायची. नंतर अभिमान वाटायला लागला. घरी कुणी आलं आणि बाथरूममध्ये गेलं की आम्ही दोघं बोलणं थांबवून आतला आवाज ऐकत बसायचो. पाहुणा हात पुसत बाहेर आला की माझ्या मनात यायचं, केवढं पाणी घेतलं यानं. मालक व्हायला घर लागत नाही. कान असले तरी पुरतं.

अशा घरात मी आबांना आणलं.

आबा म्हणजे माझे वडील. जोतिबाच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आमचं गाव. तिथं ते ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून पहाटे निघायचे, आणि एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवत फिरायचे. पाणी दिसाआड यायचं. कुणाच्या घरी लग्न असलं की त्या गल्लीला अर्धा तास जास्त सोडायचे, आणि कुणी मेलं तरी सोडायचे. ज्यांना कमी मिळायचं त्या बाया त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चहा द्यायच्या. तीस वर्षं हे काम केलं. गावात त्यांना रामराम घालायच्या आधी लोक विचारायचे, "पाणी कवा सोडताय?"

आई गेल्यावर ते एकटेच राहत होते. मग डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एक डोळा कोल्हापुरात करून घेतला. डॉक्टर म्हणाले, दुसरा दोन महिन्यांनी करू, तोवर चूल-धूर नको आणि जड उचलायचं नाही. माझी धाकटी बहीण हुपरीला दिलेली आहे. तिथं ती आणि तिचा नवरा घरातच पैंजण करतात. ती म्हणाली माझ्याकडं आणा. आबा म्हणाले, "लेकीच्या घरात किती दिस काढायचं? लेकाचं घर हाय की." म्हणून ठरलं की दुसरा डोळा होईपर्यंत त्यांनी आमच्याकडं राहायचं. येताना त्यांनी पोत्यात गुंडाळून आईच्या दोन तांब्याच्या घागरी आणल्या.

पहिल्याच पहाटे मोरीत भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघं दचकून उठलो. स्वयंपाकघरात आबा रिकामी घागर घेऊन उभे होते. दुसरी भरलेली कट्ट्यावर होती.

"आबा, काय करताय?"

"शिळं वततोय. कालचं हाय न्हवं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरात रात्रभर राहिलेलं पाणी सकाळी कुणी प्यायलं नाही. पाणी येत नसे त्या दिवशीही आई घागरी रिकाम्या करायची, चिंचेनं घासायची आणि शेजारच्या विहिरीवरून ताजं आणायची. पण ते ओतलेलं पाणी वाया जायचं नाही. ते म्हशीपुढं जायचं, नाहीतर परसातल्या केळीला. इथं म्हैस नव्हती आणि केळही नव्हती. आबा भरलेल्या घागरीकडं बघून मला म्हणाले, "ह्ये कुठं घालू?" माझी झोप पुरी झाली नव्हती. मी म्हणालो, "घाला तिकडंच मोरीत." हे मीच म्हणालो. पुढं त्यांना किती वेळा बोललो, पण हे एकदाही कबूल केलं नाही.

त्या दिवशी मोटर दोनदा लागली.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मालक वर आले. आबांनी आपल्या सवयीनं दारातच तांब्या-भांडं पुढं केलं. आमच्याकडं उंबऱ्यात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. मालकांनी एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. आबांनी उरलेलं उष्टं पाणी त्यांच्यादेखत मोरीत ओतलं, भांडं विसळलं आणि पुन्हा भरून ठेवलं. मी भिंतीकडं बघत होतो.

"गावाकडं पाणी लई दिसतंय तुमच्या," मालक म्हणाले.

"लई कुठलं? दिसाआड," आबा खूश होऊन म्हणाले. "मीच सोडायचो की. तीस वर्सं."

"व्हय काय? हितं मी सोडतो."

आबा हसले. त्यांना वाटलं, आपल्याच कामातला माणूस भेटला. ते मालकांना विचारायला लागले की लाइन किती इंची आहे, हौद किती फुटांचा, व्हॉल्व्ह गळतो काय. म्हणाले, गळत असला तर सांगा, मी वायसर बसवून देतो, पैसं नकोत. मालक शांतपणे ऐकत होते. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हातारं माणूस लई गोड हाय. जरा सांगा त्यास्नी." मी दार लावलं आणि आबा म्हणाले, "चांगला गडी हाय रं मालक तुझा." मला त्यांच्या भोळेपणाचा इतका राग आला की मी आत जाऊन पंखा बंद करून बसलो.

मी सांगितलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. लाईट-पाणी धरून म्हणजे काय ते बोटांवर समजावलं. ते "बरं" म्हणायचे. पण पहाटे त्यांचे हात आपोआप घागरीकडं जायचे. मग त्यांनी त्यातून मार्ग काढला. मोरीत ओतलं की आवाज होतो ना, मग ते शिळं पाणी तांब्यातांब्यानं घेऊन जिन्यातल्या अक्कांच्या कुंड्यांना घालायला लागले. एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, तरी कठड्याला धरून उतरायचे. त्यांना वाटलं, पाणी कामी आलं, अक्कांचंही काम हलकं झालं. पंधरा दिवसांत जास्वंद पिवळी पडली आणि तुळशीच्या मुळाशी चिखल झाला.

अक्कांचा आवाज मालकांसारखा हळू नव्हता. "अवो आजोबा, झाडं कुजवली की सगळी! कुणी सांगितलंतं तुमाला? पुन्हा माज्या तुळशीला हात लावायचा न्हाय!" गोडाऊनमधले हमाल वर बघत होते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो. आबा खालच्या पायरीवर रिकामा तांब्या धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. उलट म्हणालो, "सांगितलंतं की नाही तुम्हाला?" तेही हमालांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्या संध्याकाळी मालकांनी मला गोडाऊनमध्ये बोलावलं. गुळाच्या ढेपांच्या थप्पीला टेकून ते म्हणाले, "आपलं दोन माणसांचं ठरलंय. पाणी दोघांचं. तिसरं माणूस पंधरा दिस असतं तर मी बोललो नसतो. महिनाअखेरपतोर काय ते बघा. एक तर त्यास्नी गावाकडं सोडा, न्हायतर तुमी दुसरी जागा बघा. माझं कायबी म्हणणं न्हाय." सगळं म्हणून झाल्यावर माझं काही म्हणणं नाही, हे ते नेहमी म्हणायचे.

आबांचा दुसरा डोळा व्हायला अजून महिना होता. गावात त्यांना भाकरी करून घालणारं कुणी नव्हतं. आणि एवढ्या भाड्यात, बायको कामाला जायची त्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, दुसरा फ्लॅट मिळणार नव्हता. आबांना ठेवायचं तर पाण्याचा आवाज बंद करायला हवा होता. एवढा एकच प्रश्न होता, आणि तो मी कसा सोडवला ते आता सांगतो.

नळाच्या वर फिरवायची मूठ असते. तिचा स्क्रू काढला की मूठ हातात येते आणि नळावर नुसता पितळी दांडा उरतो. बोटांनी तो फिरत नाही. मी स्वयंपाकघरातली, बेसिनची आणि बाथरूमची अशा तिन्ही मुठी काढायला लागलो. संध्याकाळी पाणी भरून घ्यायचं, घागरी, दोन बादल्या, कळशी, सगळं. मग मुठी काढायच्या आणि डब्याच्या पिशवीत टाकायच्या. सकाळी आमच्यापुरत्या बसवायच्या, पुन्हा काढायच्या आणि ऑफिसला घेऊन जायच्या. आबा तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस. पक्कड मिळाली तर ते कुठलाही नळ उघडतील हे मला माहीत होतं. म्हणून पक्कडही मी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. इतकं बारीक मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीत लक्ष घातलेलं नाही.

बायको म्हणाली, "असं करू नका हो. बरं दिसत नाही."

"मग तू जाऊन सांग मालकांना," मी म्हणालो.

पहिल्या पहाटे आबा उठले, नळाशी गेले आणि थांबले. दांड्याला त्यांनी एकदा बोट लावून बघितलं. घागर होती तशी ठेवली आणि जाऊन खाटेवर बसले. त्या दिवशी मोटर एकदाच लागली. पुढचे दोन दिवसही एकदाच. चौथ्या दिवशी मालक जिन्यात भेटले आणि म्हणाले, "झाला की बंदोबस्त!" मी ऑफिसात ही युक्ती सगळ्यांना सांगितली. एक जण हसत म्हणाला, पेटंट घे. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

असे आठ-दहा दिवस गेले. मग ग्रहण आलं.

सूर्यग्रहण होतं, सकाळी लागून अकराच्या सुमाराला सुटणारं. आदल्या संध्याकाळी आबा म्हणाले, "उद्या गराण हाय. तुळशीचं एकांदं पान मिळंल काय? पाण्यात टाकलं की पाणी बाटत न्हाय."

घरात तुळस नव्हती. खाली अक्कांची होती. मी म्हणालो, "खाली काही मागायला जाऊ नका. परत वाद नको."

"मग गराण सुटल्यावर पाणी बदलाय लागंल."

"बघू," मी म्हणालो. हे बघू म्हणजे नाही, हे त्यांना कळलं नसावं. किंवा कळलंही असेल.

सकाळी आम्ही दोघं चहा पिऊन निघालो. आबांनी चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. ग्रहणाचा वेध पाळायचा म्हणजे सुटेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. मी मुठी काढल्या आणि पिशवीत टाकल्या. ऑफिसच्या गच्चीवर कुणीतरी जुना एक्स-रे आणला होता. त्यातून आम्ही आळीपाळीनं सूर्य बघितला. नंतर खाली येऊन वडा मागवला. काम फारसं नव्हतं. घराची काळजी नव्हती, मालकाची भीती नव्हती, नळ माझ्या पिशवीत होता. पाय लांब करून मी अगदी निवांत बसलो होतो. एक वाजता आबांचा फोन आला. नळाचंच रडगाणं असणार म्हणून मी कापला. त्यांनी पुन्हा केला नाही.

संध्याकाळी साडेसहाला मी घरी आलो. बायको यायची होती. दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आबा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या पुढं घरातली सगळी भांडी ओळीनं पालथी घातलेली होती. दोन घागरी, कळशी, बादल्या, तांबे, पेले. घागरी घासून लखलखीत केल्या होत्या. कशातही थेंब नव्हता.

"हे काय केलंत?" मी ओरडलो. खाली ऐकू जाईल याचंही भान राहिलं नाही. "सगळं ओतलंत? सगळं? मग आता दिवसभर काय प्यायलात?"

त्यांचे ओठ पांढरे झाले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. "गराण सुटलं," ते म्हणाले. "खालनं आवाज आला. त्येंनी बी वतलं समदं. घागरी वतल्या, हंडं वतलं. मोटर लागली. मला वाटलं, आता सोडत्यात."

मला सगळं दिसलं. अक्कांनी ग्रहण सुटल्यावर आपल्या घरातलं पाणी ओतलं होतं. कोल्हापुरात त्या दिवशी निम्म्या घरांनी ओतलं असेल. मालकांच्या मोरीतून धो धो पाणी वाहिलं आणि त्याचा कुणाला त्रास झाला नाही. आबांनी तो आवाज ऐकला आणि मोटर लागल्याचा आवाज ऐकला. गावात पाणी सुटायच्या आधी बायका जशा भांडी रिकामी करून ठेवतात तशी त्यांनी भांडी रिकामी केली, घासली आणि पाणी सुटायची वाट बघत बसले. अकरापासून साडेसहापर्यंत. पोटात आदल्या रात्रीपासून पाणी नव्हतं.

नळाच्या दांड्याला फडकं गुंडाळलेलं होतं. त्यावर लाल डाग होते. मी त्यांचे हात हातात घेतले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची सालं गेलेली दिसली. ज्या माणसानं अख्ख्या गावाला पाणी पाजलं त्याला मी साधा एक नळ उघडू दिला नव्हता. संडासात एक बादली भरलेली असायची, ती तेवढी जागच्या जागी होती. तिच्याकडं त्यांनी दिवसभरात किती वेळा बघितलं असेल ते मी विचारलं नाही.

"खाली तरी मागायचं की! अक्कांनी दिलं नसतं काय?"

"अर्ध्या जिन्यापतोर गेलतो. त्या म्हणाल्या, काय पायजे? मी म्हणालो, काय न्हाय." मग म्हणाले, "पाणी मागायची सवं न्हाय रं मला."

"मग मला फोन करायचा परत."

"क्येलता की. तू कामात हुतास."

मी पिशवीतून मूठ काढली. तिच्यावर डब्यातलं तेल लागलेलं होतं. मी स्क्रू बसवायला लागलो, आणि खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या डोक्यात येत होतं की एवढी भांडी आता भरायची म्हणजे मोटर पुन्हा लागणार. नळ खरखरला आणि पाणी आलं. मी तांब्या भरून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात पुढं केला नाही. तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पिऊ काय?"

"प्या की!" मी खेकसलो. "त्यात काय विचारायचं?"

त्यांनी तोंड वर करून, न थांबता, तांब्या संपवला. दुसरा भरून दिला तेव्हा पुन्हा विचारलं.

रात्री त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं आणि सोडलं. म्हणाले, अशक्तपणा आहे, डोळ्याचं जरा पुढं ढकलू. मालकांना कळलं तसे ते वर येऊन गेले, नारळपाणी घेऊन आले. "म्हातारं माणूस, जपाय पायजे," म्हणाले. खाली उतरताना मला म्हणाले, "पाण्याचं मात्र आता बराबर बसलंय." मी मान डोलावली.

मुठी मी पुन्हा काढल्या नाहीत. काढायची गरजच राहिली नाही. आबांनी त्या दिवसापासून नळाला हात लावला नाही. पहाटे उठायचे आणि खाटेवर बसून राहायचे. कालचं पाणी तसंच असायचं, परवाचंही. तहान लागली की घागर दोन हातांवर असली तरी बायकोला विचारायचे, "सूनबाई, पाणी पिऊ काय?" ती डोळ्याला पदर लावायची. मला विचारलं की मी घ्या म्हणायचो. पहिले काही दिवस मला ते टोमण्यासारखं वाटायचं आणि राग यायचा. मग लक्षात आलं की त्यात टोमणा नाही. ते खरंच विचारत होते, आणि मी हो म्हटलं नाही तर ते प्यायले नसते.

महिना संपायच्या आत बहीण येऊन त्यांना हुपरीला घेऊन गेली. दुसरा डोळा ती तिकडूनच करून घेणार होती. लेकीच्या घरी न राहणारे आबा एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. घागरी न्यायचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही आठवण केली नाही. स्टँडवर बसमध्ये बसवून मी घरी आलो तर अक्कांनी वाटीभर खीर वर पाठवली होती. आम्ही दोघांनी ती खाल्ली. घर सुटलं नाही. मोटर दिवसातून एकदाच लागते, आणि मालक जिन्यात भेटले की माझ्या नोकरीची चौकशी करतात.

मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. मागं पैंजणांच्या घुंगरांचा बारीक आवाज येत होता. ती काम करता करताच बोलत होती.

"दादा, एक इचारू? आबास्नी काय झालंय? माठ त्येंच्या उशाला ठेवलाय मी. तरी पाणी प्यायचं झालं की मला हाक मारत्यात आणि पिऊ काय म्हणून इचारत्यात. लेकरं हसत्यात. मी म्हटलं, आबा, तुमचंच घर हाय की, कुणाला इचारताय? तर म्हणत्यात, इचारल्यालं बरं असतंय. तुज्याकडं असतानाबी असंच करायचं काय?"

मी स्वयंपाकघरात उभा होतो. पुढं नळ होता आणि मूठ जागेवर होती. तो बारीक सोडलेला होता, सवयीनं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडं असताना असं काही नव्हतं. वय झालंय त्यांचं. होतं असं."

"व्हय, तसंच असंल," ती म्हणाली, आणि मग पोरांच्या शाळेचं बोलायला लागली.